पटावर चौतीस

ठोंबरे काकांनी अमेरिकेत आल्यावर पहिली तपासणी केली ती मुलाच्या फ्रीजची. दुसरी केली धुराच्या अलार्मची आणि तिसरी गॅरेजची. प्रत्येक तपासणीनंतर ते एका दोनशे पानी वहीत शेरा लिहीत आणि ती वही जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवत, म्हणजे संबंधितांनी वाचून सही करावी. ‘दह्याचे दोन डबे, पैकी एक मुदतबाह्य. सुधारणा अपेक्षित.’ महिनाभरानं त्यांचा मुलगा प्रशांत माझ्या दारात उभा राहिला. नेपरव्हिलला आम्ही त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहत होतो.

“ताई, तुम्ही शनिवारी त्या गाई बघायला जाता ना? बाबांना घेऊन जाल?”

“त्यांना गाईंची आवड आहे?”

“आयडिया नाही. पण स्नेहल आता सही करायला नाही म्हणतेय.”

स्नेहल ही त्याची बायको. तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. मी हो म्हटलं.

गाईंचं आधी सांगते. आमच्या गावापासून पाऊण तासावर एका संस्थेनं राखलेलं चारशे एकरांचं माळरान आहे. पूर्वी तिथे मक्याची शेतं होती. ती मोडून पुन्हा या मुलखाचं मूळचं गवत पेरलेलं. हे गवत कोणी खाल्लंच नाही तर ते माजतं आणि माळावरचे पक्षी तिथे घरटी करत नाहीत. एके काळी खाण्याचं काम बायसनांचे, म्हणजे इथल्या रानगव्यांचे, कळप करत. आता ते नाहीत, म्हणून मे ते ऑक्टोबर हॅरोल्ड नावाच्या शेतकऱ्याच्या काळ्या कालवडी तिथे मोकळ्या सोडत. त्यांना ना गोठा, ना राखण. गवत खाणं एवढीच त्यांची नोकरी. आणि रोज कोणीतरी जायचं, त्या सगळ्या आहेत ना, कोणी लंगडत नाही ना, टाकीत पाणी आहे ना, तारेचं कुंपण धड आहे ना, एवढं बघायचं आणि फाटकावरच्या पत्रपेटीत ठेवलेला फॉर्म भरायचा, ही आम्हा स्वयंसेवकांची नोकरी. माझ्या मुलीला शाळेसाठी समाजसेवेचे चाळीस तास हवे होते म्हणून मी तिला तिथे नेऊ लागले. तिचे तास भरले, ती सुटली. माझे बूट नवे होते, म्हणून मी जात राहिले. बुधवारी एकटी, शनिवारी आता काकांबरोबर.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. काका तेव्हा अडुसष्टचे. बुटके, ताठ, मिशी पांढरी आणि कातरलेली. यवतमाळ जिल्ह्यात ते शिक्षण विस्तार अधिकारी होते, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. तीस वर्षं त्यांनी तेच केलं आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. पहिल्या शनिवारी ते पूर्ण बाह्यांचा शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर, खिशाला दोन पेनं आणि पॉलिश केलेले काळे बूट अशा थाटात गाडीत बसले. मी म्हटलं, “काका, तिथे चिखल असतो.”

“असू द्या बाई. चिखल शाळेतही असतो.”

मला ते ‘बाई’ म्हणत. माझं नाव त्यांनी कधी विचारलं की नाही मला आठवत नाही. तो ‘बाई’ घरकामाच्या बाईतला नव्हता, तिसरीच्या वर्गावरच्या बाईतला होता, आणि त्यात तुमचं पाठाचं टाचण तपासायला मागण्याची शक्यता सतत असायची.

माळाची व्यवस्था डेबी बघायची. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, कायम घाईत. तिनं नव्या स्वयंसेवकाला सांगायचं ते सगळं सांगितलं: लांबूनच बघा, हात लावू नका, मोजा, फॉर्म भरा. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “अँड हू इज व्हेरिफाइंग?”

“व्हेरिफाइंग व्हॉट?” डेबी म्हणाली.

काका माझ्याकडे वळले. “पाहा. मुख्याध्यापकच हजेरी घेतात, मुख्याध्यापकच सही करतात. वरून कोणीच नाही.”

डेबीला मी भाषांतर करून सांगितलं की काकांना तुमची पद्धत फार आवडली.

पुढच्या शनिवारी गाडीत बसल्यावर ते म्हणाले, आज नेहमीच्या फाटकानं जायचं नाही, पूर्वेच्या फाटकानं जाऊ. मी कारण विचारलं.

“पूर्वसूचना दिली की सगळं चांगलंच दिसते.”

“काका, गाईंना कोण कळवणार आहे?”

“गाईंचं नाही म्हणत मी. तुम्हाला रस्ता पाठ झाला की तुम्ही ठरावीक ठिकाणीच पाहता.”

मी खरोखरच ठरावीक ठिकाणीच बघत असे. पूर्वेच्या फाटकानं गेल्यावर कुंपणावर आडवं पडलेलं एक झाड दिसलं. ते निदान पंधरा दिवसांपूर्वीचं असावं.

त्यांचे शेरे इंग्रजीत असत. तालुक्याच्या कचेरीत जन्मलेल्या आणि तिथेच म्हातारी झालेल्या इंग्रजीत. त्याचं मराठी करायचं तर असं व्हायचं: ‘जनावरे उपस्थित. शिस्त साधारण. क्रमांक चौदा इतरांपासून अलग बसलेली आढळली, लक्ष ठेवावे. पाण्याची टाकी स्वच्छ, समाधान वाटले.’ डेबी हे फॉर्म ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवायची. त्यातला एक तिनं भिंतीला लावला होता: ‘कळपाने सदर अधिकाऱ्याच्या आगमनाची दखल घेतली नाही.’ त्यात विनोद आहे हे काकांना पटत नव्हतं. दखल घेतली नव्हती, हे खरं होतं.

दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये, भांडण झालं. फॉर्मवर ‘एकूण जनावरे: ३४’ असं छापलेलंच होतं आणि समोर एक चौकोन. चौतीस दिसली की चौकोनात खूण करायची. काका तो छापील आकडा पहिल्या दिवसापासून खोडत आणि मोजलेला आकडा हातानं लिहीत. एवढे दिवस तो चौतीसच यायचा, म्हणून कोणी काही म्हणालं नाही. त्या शनिवारी त्यांनी तेहतीस लिहिलं. पुढच्या शनिवारी तेहतीस. तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेहतीस. बाकी आठवडाभर आम्हा सगळ्यांच्या खुणा चौतीसवर.

डेबीचा मला फोन आला. ती फार सांभाळून बोलत होती. “मिस्टर टॉम्ब्री आम्हाला खूप आवडतात. पण त्यांचे डोळे ठीक आहेत ना? त्यांनी फक्त पाणी आणि कुंपण बघितलं तर? मोजणी दुसरं कोणीतरी करेल.”

हे त्यांना किती लागेल ते मला माहीत होतं. या देशात त्यांच्या सहीनं काही चालत असेल तर तो एक फॉर्म. घरी गाडीच्या किल्ल्या मुलाकडे, फोनची भाषा सुनेकडे, टीव्हीचा रिमोट नातीकडे. मोजणी काढून घेतली असती तर ते पुन्हा फ्रीजकडे वळले असते. पण मी गोड बोलून सांगणाऱ्यांतली नाही. शनिवारी गाडी सुरू करण्याआधी जसं होतं तसं सांगून टाकलं.

काकांनी दुर्बीण मांडीवर घेतली. मग म्हणाले, “बाई, तुमच्या बुधवारी किती होत्या?”

“चौतीस.”

“मोजल्या?”

मी खरं सांगितलं. एकदा मोजल्या तेव्हा बत्तीस आल्या, गवत पुरुषभर उंच झालं होतं, दोन कुठेतरी बसल्या असतील म्हणून मी खूण केली आणि निघाले. मला घरी जाऊन कपडे वाळत टाकायचे होते.

“हं,” ते म्हणाले. “पटावर चौतीस, म्हणून हजेरी चौतीस. ही पद्धत माझ्या चांगल्या ओळखीची आहे.”

मग त्यांनी मला एका शाळेची गोष्ट सांगितली. आडगावची शाळा. तिथले मुख्याध्यापक मोठे हुशार. पटावर एकशे बारा पोरं, आणि साहेब कधीही आले तरी एकशे बाराच हजर. काकांनी पहिलीपासून वर्ग मोजत नेले, आकडा बरोबर जुळला. पण तिसरीत एक मुलगी होती, तिच्या एका वेणीला लाल रिबीन होती आणि दुसरीला सुतळी. चौथीच्या वर्गात गेले तर रिबीन आणि सुतळी तिथेही. साहेब पुढच्या वर्गाच्या दारातून आत शिरेपर्यंत मागच्या वर्गातली पोरं इमारतीला वळसा घालून पुढे येऊन बसत होती. “तिला दम लागला होता जी,” काका म्हणाले, “नाहीतर मीही फसलो असतो. त्या दिवसापासून मी डोकी मोजणं सोडलं. एकेकाचं नाव घेऊन विचारतो.”

त्या दिवशी आम्ही नाव घेऊन विचारलं. म्हणजे प्रत्येक कालवडीच्या कानात पिवळा बिल्ला होता आणि त्यावर नंबर. काकांनी डेबीकडून यादी मागवून घेतलीच होती. दुर्बिणीतून ते नंबर वाचत, मी यादीवर खूण करत होते. साडेतीन तास लागले. काळी कालवड दुसऱ्या काळ्या कालवडीसारखीच दिसते, आणि ती तुमच्याकडे कानच करील याची काही हमी नसते. शेपूट मात्र हमखास करते. झुडपांच्या एका राईपाशी मला गंमत कळली. एका बाजूनं पाच दिसायच्या, वळसा घालून गेलं की दुसऱ्या बाजूनं चार, आणि त्यातल्या तीन त्याच असायच्या. बाकीचे जे कोणी मोजत होते त्यांची बेरीज तिथेच फुगत असणार.

शेवटी एक नंबर उरला. एकोणीस.

परत येताना काकांनी शेजारच्या शेताजवळ गाडी थांबवायला सांगितली. तिथे कुणा दुसऱ्याच्या काळ्या गाई चरत होत्या, तीसएक असतील. सगळ्यांच्या कानात पांढरे बिल्ले. काकांनी दुर्बीण लावली आणि कुंपणाला धरून हळूहळू चालू लागले. मी गाडीत बसून सँडविच खाल्लं. ते परत आले तेव्हा त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर शेण होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“एकोणीस तिथे आहे. ओढ्याच्या अंगानं तार तुटलेली दिसते. तब्येत उत्तम.” मग त्यांनी पट्टा बांधला. “हजेरी दुसऱ्या शाळेत लागून राहिली होती.”

हॅरोल्ड ट्रक घेऊन आला आणि एकोणीसला घेऊन गेला. तो फारसा बोलणारा नाही. त्यानं काकांकडे बघून टोपीला हात लावला, एवढंच. डेबीनं मात्र फॉर्म बदलला. छापील आकडा गेला. आता दोन रकाने आले, पटावर किती आणि हजर किती, आणि मागच्या बाजूला बिल्ल्यांची यादी. ऑफिसात त्याला ‘टॉम्ब्री फॉर्म’ म्हणत. काकांनी तो पाहून एकच सुधारणा सुचवली: तपासनीसाच्या सहीखाली हुद्द्यासाठी जागा हवी. ती मिळाली. पुढची दोन वर्षं ते त्या जागेवर ‘रिटायर्ड’ लिहीत, आणि स्वयंसेवकांतल्या एक बाई मला विचारत होत्या की ‘रिटायर्ड’ हे त्यांचं आडनाव आहे का.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. हे मला प्रशांतनं सांगितलं. काका बोलले नाहीत. शनिवार चालूच राहिले. ते दुर्बीण लावत, नंबर सांगत, मी खूण करत असे. सप्टेंबरात एकदा ते “बावीस” म्हणाले, तेव्हा मी सहज मान वर केली. दुर्बीण ज्या कालवडीवर रोखलेली होती तिची आमच्याकडे पाठ होती. कान दिसत नव्हता, बिल्ला दिसायचा प्रश्नच नव्हता. मी बावीसवर खूण केली.

असे तीन शनिवार गेले. सगळ्या खुणा भरायच्या, त्या वर्षीच्या यादीतल्या एकतीसपैकी एकतीस, खाली काकांची सही. सही रेघेच्या खाली घसरू लागली होती. मी मनाशी म्हटलं, दर वर्षीप्रमाणे ऑक्टोबरात कळप जाईल, आणखी चार-पाच वेळा यायचं, कशाला म्हाताऱ्या माणसाला दुखवा.

तिसऱ्या शनिवारी परतीच्या वाटेवर काका म्हणाले, “बाई, बावीस नंबर कशी वाटली आज?”

“चांगली होती.”

“लंगडत नव्हती?”

“नाही.”

“ऑगस्टात हॅरोल्डनं तिला ट्रकमध्ये घालून नेली. पाय सुजला होता. फोन तुम्हीच केला होता.”

मी पंचावन्नच्या वेगानं गाडी चालवत होते. रस्त्याकडे बघणं भाग होतं, ते बरं झालं. डेबीनं यादीतून बावीसचं नाव काढलं नव्हतं, आणि मी तीन आठवडे ती भरत होते.

“पहिल्या शनिवारी मला खरंच दिसलं नव्हतं,” काका म्हणाले. “अंदाजानं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही लिहून घेतलं. तेव्हा वाटलं, पाहून लिहून राहिल्या की ऐकून? मग दोन शनिवार मुद्दाम सांगितलं.”

“काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी…”

“मग वाटू द्यायचं होतं. उद्या खरंच एखादी गेली तर हॅरोल्डला काय सांगणार? ठोंबऱ्याला वाईट वाटत होतं?” ते आवाज चढवत नव्हते, तेच जास्त वाईट होतं. “माझे डोळे गेले, ते समजू शकते माणूस. तुमच्या डोळ्यांना काय झालं होतं?”

त्यांनी मला गाडी वळवायला लावली. आम्ही पुन्हा माळावर गेलो आणि मी एकटीनं मोजलं, नंबर घेऊन. ते फाटकाशी उभे राहिले. तीस होत्या, तीसच असायला हव्या होत्या. मग त्यांनी डेबीला द्यायचं पत्र मला सांगितलं आणि मी ते फॉर्मच्या मागे लिहून घेतलं: दृष्टी अपुरी झाल्यामुळे सदर अधिकारी मोजणीच्या कामातून मुक्त होत आहे, मागील तीन नोंदी चुकीच्या असून त्याची जबाबदारी दोघांची आहे. दोघांची, हे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

डेबीनं फोन केला. ती म्हणाली, त्यांनी नुसतं यावं, बसावं, हवा खावी. मी निरोप दिला.

“पाहुणा म्हणून शाळेत जायची मला सवय नाही,” काका म्हणाले, आणि पुढचे तीन शनिवार ते खरंच आले नाहीत. मी एकटी जात होते. खरं सांगायचं तर लवकर आटपत असे, आणि गाडीत रेडिओ ऐकता येत असे. दर वेळी दोनदा मोजत असे, एवढाच फरक.

नोव्हेंबरात प्रशांत त्यांना यवतमाळला पोचवून आला. थंडी आणि डोळे दोन्ही कारणं होती. त्यानंतर फोनवर बोललो, भेट नाही झाली. मी त्यांना नीट पाहिलं ते शेवटचं ऑक्टोबरात, कळप परत न्यायच्या दिवशी.

हॅरोल्डनं आदल्या दिवशी मला फोन केला होता. त्याचा मला आलेला हा एकमेव फोन. “मोजणाऱ्या माणसाला आणा,” म्हणाला आणि ठेवला. मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, काम आहे की बोलावणं आहे? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण मोजणारा माणूस म्हणाला. ते स्वेटर घालून आले.

ट्रकपर्यंत लाकडी फळ्यांची एक अरुंद वाट केलेली होती. एका वेळी एकच जनावर जाईल एवढी. हॅरोल्डनं काकांना कोपराला धरून त्या वाटेच्या मधोमध, फळ्यांच्या बाहेरून उभं केलं, त्यांचा उजवा हात उचलला आणि वरच्या फळीवरून आत सोडला. मग तो मागे जाऊन कालवडी हाकू लागला. डेबी ट्रकच्या दाराशी मोजायला उभी होती, मी फॉर्म घेऊन अलीकडे.

पहिली कालवड काकांच्या तळव्याखालून गेली तसा त्यांचा खांदा जरा हलला. तीन वर्षं त्यांनी नियम पाळला होता, एकाही जनावराला हात लावला नव्हता. दुसरी गेली, तिसरी गेली. ते पुटपुटत होते. चेहरा भलतीकडे, पलीकडच्या गवताकडे होता. एक मधेच थांबली, तर त्यांनी तिच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या आणि म्हणाले, “चला, पुढे सरका, मागचे खोळंबले.” ती सरकली. काळ्या पाठी एकामागून एक त्यांच्या हाताखालून जात राहिल्या आणि मग हाताखाली नुसती हवा उरली. त्यांनी हात थोडा वेळ तसाच ठेवला, आणखी कोणी आहे का याची खात्री करून घेतल्यासारखा.

“तीस,” हॅरोल्ड मागून म्हणाला.

“तीस,” डेबी म्हणाली.

“तीस,” काका म्हणाले. मग माझ्याकडे, म्हणजे साधारण माझ्या दिशेला, वळले. “बाई, तुमच्या किती?”

माझ्या एकोणतीस झाल्या होत्या. कुठे चुकलं ते मला नक्की माहीत होतं. त्या दोन चापट्यांच्या वेळी मी कालवडीकडे बघत नव्हते.

“एकोणतीस.”

“काहून?”

“एक सुटली माझ्याकडून.”

“मग एकोणतीसच लिहा तुमच्या नावापुढे.”

मी लिहिलं, सही केली आणि त्यांच्या बोटाला रेघ दाखवून पेन हातात दिलं. त्यांनी आपली सही केली. ती चांगली दोन रेघा खाली गेली. मग तळहात स्वेटरला पुसून ते गाडीकडे निघाले, ताठ, चिखलातून, सरळ चुकीच्या दाराकडे, माझ्या ड्रायव्हरच्या बाजूच्या. तिथे हँडलला हात लावून ते मी कुलूप उघडायची वाट बघत उभे राहिले.